दहा मिनिटांत मोदक

उद्या अवधूतची परीक्षा होती. ब्रिस्टलमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायला लागून त्याला दोन वर्षं झाली होती, पण प्राध्यापकांसाठी असलेला 'शिकवावं कसं' हा कोर्स पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती. अट एवढीच, की स्वतःचा विषय सोडून काहीही घ्यायचं आणि दहा मिनिटांत समोरच्याला शिकवायचं. त्यानं मोदक निवडला.

सरावासाठी त्यानं सात वर्षांच्या लेकीला, अक्षराला ओट्यापाशी उभं केलं आणि मोबाइलवर टायमर लावला.

"पारी तळहातावर घे. आता चिमटीनं कडेला कळ्या पाड. हळू."

अक्षरानं जीभ बाहेर काढून पहिली कळी पाडली. दुसरीला पारी फाटली. "अगं, अशी नाही," म्हणत अवधूतनं ती तिच्या हातातून घेऊन सांधली. पुढची कळी वाकडी आली, तीही त्यानंच सरळ केली. टायमर पळत होता. उद्या समोर बसणाऱ्यांनी तर पारी जन्मात पाहिलेली नसणार.

वेळ संपायच्या आत अक्षराच्या हातावर देखणा मोदक उभा राहिला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ, जमलं की नाही तुला? आता दुसरा एकटीनं कर."

अक्षरानं मोदक ताटलीत ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको बाबा, तूच कर," ती सहज म्हणाली. "यू ऑलवेज डू."