कमळ जेवायला येणार

ही २०२३ सालची गोष्ट. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमध्ये राहणाऱ्या वसुंधराबाईंनी ठरवलं होतं, की आता ग्रुपवर काही लिहायचं नाही.

मराठी मंडळींचा तो फेसबुक ग्रुप. साताऱ्याच्या शाळेतली घंटा, आईनं लोणच्याच्या बरणीला बांधलेलं फडकं, असं काहीबाही त्या तिथे लिहीत. खाली उत्तरं यायची ती 'सो नाइस काकू', 'हीप्स ऑफ लव्ह'. सगळे पुण्या-मुंबईचेच. नात सिद्धी म्हणाली, मराठीत टाइप करायला फार वेळ लागतो.

कुंपणापलीकडची इंगर डेन्मार्कची, वयानं त्यांच्याएवढीच. दुपारी विणकाम घेऊन यायची. हे ऐकून ती हसली. तिचा विणकामाचा ग्रुप सगळा डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनचा. एकमेकींचं बरंचसं समजतं, तरी साऱ्या इंग्रजीच लिहितात. इंगरनं एकदा डॅनिशमध्ये चार ओळी टाकल्या होत्या.

"मग?"

"एकीनं विचारलं, याचं भाषांतर मिळेल का. ती माझ्याच गावची होती." इंगरनं दोन टाके उसवले. "अकरा वर्षं झाली. पुन्हा लिहिलं नाही. आता शब्द शोधावे लागतात. तू बंद करू नकोस, वसू."

वसुंधराबाईंनी सिद्धीसाठी आणलेलं, कोरंच राहिलेलं मराठी मुळाक्षरांचं पुस्तक तिनं जाताना मागून नेलं. चित्रं सुरेख आहेत म्हणाली.

तिच्या शब्दाखातर वसुंधराबाई लिहीत राहिल्या. हिवाळा गेला. नोव्हेंबरात लोणच्याच्या पोस्टखाली चक्क मराठीत उत्तर आलं. नाव नुसतं 'कमळ', फोटोच्या जागी फूल. 'वाचून तोंडाला पाणी आलं. माझं जेवण झालं. तुमचं झालं का?'

साडेपाच वाजले होते. वसुंधराबाईंच्या घरी तेव्हा चहाचं आधण असायचं.

मग रोजच उत्तर येऊ लागलं. वेळ तीच, जेवण झालेलं. वाक्यं जरा ताठ, पण काही बायका जपूनच बोलतात. वसुंधराबाई पुन्हा रोज लिहू लागल्या.

"बॉट असेल गं आई," मुलगा इंद्रनील म्हणाला.

"बॉट जेवतो का रे? जैन आहे ती. सूर्य मावळायच्या आत जेवते."

एक दिवस त्यांनी धीर करून आपला पत्ता पाठवला. शनिवारी साडेपाचला जेवायला या. कांदा, लसूण, बटाटा, काही नसेल. उत्तर आलं, 'नक्की येते.'

उपवासालाही बटाटा लागणारं ते घर. पण त्यांनी खिचडी, कढी, कोबीची भाजी आणि शिरा केला. साडेपाचला बेल वाजली. दारात इंगर, हातात विणलेला रुमाल.

"बरी आलीस, बस. माझी मराठी मैत्रीण येतेय, तुझी ओळख करून देते."

इंगर काही बोलणार, तोवर वसुंधराबाई फाटकापर्यंत जाऊनही आल्या. साडेसहापर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग दोघींची पानं वाढली. इंगरनं कढी तीनदा घेतली.

"आपल्या भाषेचं माणूस म्हणून एवढं केलं," वसुंधराबाई म्हणाल्या.

इंगरनं आणखी थोडा शिरा वाढून घेतला.

पुढच्या वर्षी इंद्रनीलला दुसऱ्या बेटावरच्या हॉर्नबीला नोकरी लागली. वसुंधराबाई मात्र अप्पर हटलाच राहिल्या. सिद्धी आता तिकडून ग्रुपवर मराठीत लिहिते, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता. विणकामाच्या ग्रुपवर दोघीजणी डॅनिशमध्ये लिहितात, त्यातली एक इंगर. वसुंधराबाई रोज सकाळी चष्मा लावून डॅनिशचा धडा गिरवतात.

आणि त्या शनिवारी, ताटं विसळताना आलेला कमळचा निरोप त्यांनी अजून जपून ठेवला आहे : 'पोटभर जेवले. कढी फार छान. बटाटा घातला असता तरी मला चाललं असतं.'