दहा मिनिटं

मिरजेच्या आपल्या गॅरेजात वैजयंताने गाडीच्या बॅटरीची वायर सोडवली आणि ती सरळ स्टुलावर जाऊन बसली.

"दमलात बाई?" अण्णांनी विचारलं. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेले तिचे वडील हातात पाना घेऊन तयारच होते.

"एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बदलायचाय, अण्णा. बॅटरी काढली तरी आत वीज राहते. दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर एअरबॅग तोंडावर फुटेल."

"आमच्या टायमाला गाड्या एवढ्या लाडावलेल्या नव्हत्या," म्हणत अण्णा येरझाऱ्या घालत राहिले.

दहा मिनिटं झाली. वैजयंताने वाकून गिअरखालच्या बॉक्सकडे हात नेला, तोच अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"अजून पाच मिनिटं थांब," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एवढी कसली घाई? मी चहा सांगतो."