त्याच्यापेक्षा मोठा

माझा धाकटा चुलतभाऊ धैर्यशील. त्याची जीप सिग्नलला उभी राहिली की अशी धडधडायची, की रंकाळ्यावरची माणसं भेळ खायची थांबून बघायची. माझीही जीप तीच, टर्बोही तसाच बसवलेला. आवाज मात्र शिलाई मशीनचा. माझ्या पोटात दुखायचं.

त्यानं इंजिनात मोठा रोलर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घातलाय, हे मीच ठरवून टाकलं आणि इंजिन बांधणाऱ्या नायकवडींकडे गेलो. "त्याच्यापेक्षा मोठा द्या."

"टर्बोला सौम्यच घ्या," ते म्हणाले. "मोठ्यात व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. टर्बोनं कोंबलेली हवा सरळ सायलेन्सरातून बाहेर जाईल. गाडी चढाला दम टाकेल."

"पण धडधडेल ना?"

"धडधडेल की."

"मग घाला."

बायकोनं विचारलं, "अहो, गाडी पळवायचीय का भाऊजींना ऐकवायचीय?"

रविवारी पन्हाळ्याच्या चढाला माझी जीप धडधडत, धापा टाकत निघाली होती. धैर्यशील शेजारून गुपचूप पुढं गेला. वर नाक्यावर माझी वाट बघत थांबला होता.

"तुझा आवाज कुठं गेला रे?"

"गेला बाबा एकदाचा! लाज आणली होती त्यानं चारचौघांत. हवेचा एक पाइप चिरला होता, काल बदलला."

मग माझ्या बॉनेटला कान लावून तो काळजीनं म्हणाला, "दादा, तुझाही चिरलाय बघ."