इंदूचं इंजिन

युनूस मिस्त्रीने चावी फिरवली. तडा गेलेलं इंजिन खडखडत सुरू झालं आणि त्याने आपणहून दोनदा हलकी रेस घेतली.

"बघा, वहिनींची सवय," युनूस हसला. "चालवणाऱ्याचा पाय शिकतात ही इंजिनं. तुमचं मात्र काहीच शिकलं नाही."

"ती मला चालवू देत होती कुठे!" केरबा म्हणाला. बायको इंदू गेल्यापासून तो ट्रक चालवत होता, पण कुंभार्ली घाटातलं प्रत्येक वळण इंजिन अजून तिच्यासारखंच घ्यायचं, आधी दम खाऊन मग चढायचं.

युनूसने इंजिन बंद केलं. "दादा, आता ठरवा. दुरुस्त केलं तर पुन्हा वर्षानुवर्षं पळेल. पण सांधायला भट्टीत लाल करावं लागेल. शिकलेलं सगळं पुसलं जाईल."

"नवं बसवलं तर?"

"ते कोरंच येतं. या जुन्यात वहिनींचं सगळं राहील, पण न सांधता हे परत कधी सुरू करता येणार नाही."

केरबाने इंजिनावर हात ठेवला.

"नवं बसव," तो म्हणाला. "हे मी घरी नेतो. एकदा अग्नी दिलाय तिला. पुन्हा नाही देणार."