अजून एक पट्टी

उद्या बाळाला घेऊन माहेरी जायचं होतं, आणि पाळण्यासकट सगळा पसारा परसातल्या ट्रेलरमधून न्यायचा होता. ट्रेलर ओढायचा हूक नवऱ्याने घरीच बनवून गाडीला बसवला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला.

"भर रस्त्यात निसटला म्हणजे? अजून एक लोखंडी पट्टी लाव ना!" दिवसभर तिचं हेच पालुपद, आणि तोही मुकाट्याने परसात जाऊन पट्टी कापून आणायचा नि जोडायचा.

संध्याकाळी तिने हुकावर चढून उड्या मारल्या. गाडी हलली, हूक ढिम्म!

"पडला बाई जीव भांड्यात! चल, जोड आता ट्रेलर."


"कुठला ट्रेलर, बाईसाहेब? एवढ्या पट्ट्या काय आभाळातून पडल्या?"