बाहेरची रेघ

नव्या घराच्या गेटवर आपलं चित्र पत्र्यात कापून लावायचं, म्हणून आबाराव बायकोला, बायनाबाईला, घेऊन मस्तगडच्या लेझर कटिंगच्या दुकानात आले. फोटोत ते पटका बांधून ऐटीत उभे होते, आणि बरोब्बर त्यांच्या पाठीमागं, उंच बांधावर, त्यांचा लाडका बोकड.

"कापायला बाहेरची एकच रेघ लागते, काका," म्हणत दुकानातल्या साधनानं संगणकावर कॅडमध्ये माणूस-बोकड दोघांच्या कडेनं रेघ फिरवली आणि आतल्या सगळ्या पुसल्या. बोकड आबारावांत गडप झाला. पटक्यावर उरली नुसती शिंगं.

"हे काय करून राह्यली, पोरी? जल्दी मिटव!" आबाराव कडाडले. साधना ओशाळून माऊसकडं वळली.

बायनाबाईनं तिचा हात धरला. "बिलकुल मिटवू नको, माय. चाळीस वर्सांत पहिल्यांदा ह्यांचं चित्र बराबर निघालं!"