नोरीला श्रद्धांजली

उत्तरेश्वरनं गाडी गल्लीत वळवली आणि करकचून ब्रेक दाबला. त्याच्या घरासमोर माणसंच माणसं होती. दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. बाया भिंतीच्या सावलीत तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. पुरुष टोप्या काढून उभे होते. आणि शेजारच्या भिंतीला कुणीतरी दोन हिरवे बांबू टेकवून ठेवले होते.

तो तुळजापूरला एका लॉजचा बोर्ड बसवून येत होता. मोबाईल वाटेतच बंद पडला होता. बायको चांगुणा माहेरी गेलेली, लेक हर्षाली कॉलेजात. दोघींपैकी कोण, एवढंच त्याला विचारायचं होतं. 

शेजारचे नानासाहेब पुढं आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"घट्ट हो, उत्तरेश्वरा. पोरीला कधी आणतेत?"

उत्तरेश्वर होता तिथंच धुळीत बसला. कुणीतरी पाणी पुढं केलं, ते त्याच्या हनुवटीवरून गळून शर्टावर सांडलं. हर्षालीनं सकाळी जाताना काहीतरी विचारलं होतं. त्यानं बोर्ड बांधता बांधता मान न वळवताच हूं म्हटलं होतं. तिनं काय विचारलं होतं, ते आता त्याला काही केल्या आठवेना.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली. पाठीवर दप्तर घेतलेली हर्षाली उतरली आणि गर्दी बघून धावत आली. बायांमधली एक किंचाळली. धुरपदाबाई गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या उठल्या, पोरीचा गाल दोन बोटांत धरून त्यांनी जोरात चिमटा काढला, आणि ती कळवळल्यावर सगळ्यांना सांगितलं, पोरगी जित्ती हाय.

मग सगळं हळूहळू उलगडलं.

जळकोटात हायवेलगत उत्तरेश्वरचं फ्लेक्सचं दुकान होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर हर्षालीनं एका जपानी कार्टून मालिकेची वेबसाइट केली होती. प्रत्येक भागाची गोष्ट ती मराठीत लिहायची. प्रत्येक पात्राला वेगळं पान होतं. पण डिझाइन ती बापाच्या दुकानात शिकलेली. त्यामुळं त्या जपानी पोरापोरींची नावं तिथं लाल किनारीच्या पिवळ्या अक्षरांत झळकायची. त्यांच्या वाढदिवसाला सोनेरी महिरप यायची आणि खाली शुभेच्छुकांची रांग लागायची. लातूर-सोलापूरकडची पोरं हसत हसत बघायला यायची आणि मग रोज यायची.

काल मालिकेतली नोरी मेली. हर्षाली रडली, आणि रडत रडतच तिनं नोरीची श्रद्धांजली केली. ती तिला एकाच पद्धतीनं करता येत होती. मधे फोटो, दोन्ही बाजूंना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल' आणि त्याखाली घरातल्या मोठ्या माणसांची नावं, मुक्काम जळकोट. वर्गातल्या कुणीतरी ते चित्र गावच्या ग्रुपवर टाकलं. हल्ली जो तो आपला फोटो असा मोठ्या डोळ्यांचा, निळ्या केसांचा करून लावतो. गावानं खालची नावं वाचली, नोरी हे हर्षालीचं लाडाचं नाव धरलं, आणि घराला कुलूप बघून सगळे दवाखान्यात असतील असं ठरवलं.

नानासाहेबांनी बांबू खांद्यावर घेतले आणि पोरीच्या लग्नात मांडवाला होतील म्हणत नेले. धुरपदाबाई मळलेलं पीठ तसंच टाकून आल्या होत्या. त्यांनी जाता जाता बापलेकीचा उद्धार केला, आणि मयतानं स्वतःच्या हातानं केलेला चहा प्यायला संध्याकाळी येते, असंही बजावलं. गल्ली रिकामी झाली.

 उत्तरेश्वरनं हर्षालीचा मोबाईल मागून घेतला. नावांवरून नजर फिरवली आणि पहिल्याच नावावर तो अडखळला. कृष्णराज. त्याचा थोरला भाऊ.

फ्लेक्स छापण्याआधी उत्तरेश्वर गिऱ्हाइकाकडून नावं तीनदा वाचून घ्यायचा. एक नाव राहिलं तर भावकीत काय होतं, हे त्यानं कितीदा तरी पाहिलं होतं. पण चार वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, तेव्हा दोघा भावांत बांधाचा वाद चालू होता. आईचा फ्लेक्स त्यानं स्वतः केला आणि थोरल्याचं नाव घातलं नाही. दहाव्याला कृष्णराज आला होता. स्टँडवर उतरून त्यानं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि घरी न येता तिथूनच माघारी गेला. पुढं जळकोटची जमीन वाट्यानं देऊन तो सासुरवाडीला, तेरला राहायला गेला. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते.

हे नाव कुणाला विचारून घातलं, असं उत्तरेश्वरनं दरडावून विचारलं.

"शोकाकुलमध्ये घरातलं एक पण नाव सोडायचं न्हाय, असं तुम्हीच शिकवलंय, पप्पा."

 त्यानं मान वळवली. गर्दी पांगली तरी पलीकडच्या लिंबाखाली एक माणूस दगडावर बसून होता. पायाशी कापडी पिशवी, धोतरावर प्रवासाची धूळ. तेरहून दोन एसट्या बदलून आला असणार. झाला प्रकार त्यानंही ऐकला होता. तरी तो उठला नव्हता.

उत्तरेश्वर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. कुठं बघावं ते त्याला कळेना.

"कुणी गेलं न्हाय, अण्णा. कार्टून हाय ते. तुम्हाला उगंच एवढा हेलपाटा पडला."

कृष्णराजनं मान वर केली.

"कोण गेलं ते म्या वाचलंच न्हाय, उत्तऱ्या. खाली माझं नाव होतं."